गर्दीचा काळ

१९८८ च्या डिसेंबरात लग्न होऊन मी इंदूरला आले. माहेर ग्वाल्हेरचे, म्हणजे लष्करचे. पहिल्याच आठवड्यात मामंजी मला राजवाडा दाखवायला घेऊन गेले. दर्शनी भाग तेवढा उभा होता. मागच्या बाजूला चार वर्षांपूर्वीच्या, १९८४ च्या दंगलीत जळालेल्या भिंती होत्या आणि कोळसा झालेले लाकूड. मामंजी म्हणाले, "या वास्तूच्या नशिबातच आग आहे. १८३४ साली वरचा मजला जळाला. त्याआधी १८०१ साली सरजेरावानं..." आणि ते मध्येच थांबले. माझ्याकडे पाहिले आणि म्हणाले, "जाऊ दे, जुन्या गोष्टी. चला, सराफ्यात काहीतरी खाऊ या."

सरजेराव कोण, हे तेव्हा मला धड ठाऊक नव्हते. दिवाळसणाला माहेरी गेले तेव्हा बाबांना विचारले. महादजींच्या स्वाऱ्या बाबांना तोंडपाठ होत्या. पण या प्रश्नावर ते एवढेच म्हणाले, "सरजेराव घाटगे. दौलतराव महाराजांचे सासरे. माणूस वाईट होता." विषय तिथेच संपला.

दोघेही वाचणारे होते आणि दोघांनाही सगळे माहीत होते. एकाने सुनेचे मन राखले, दुसऱ्याने लेकीचे सासर राखले. त्या सभ्यतेबद्दल माझ्या मनात आजही आदर आहे. पण आज मामंजी नाहीत, बाबा नाहीत, आणि त्यांनी जे मनात ठेवले ते त्यांच्याबरोबर गेले. त्यांच्या नातवंडांच्या फोनवर आता तीच गोष्ट वेगळ्या आवाजात येते. कोणी म्हणते शिंद्यांनी दगा दिला, कोणी म्हणते होळकरांनी राज्य बुडवले. माझ्या मुलाच्या अंगात दोन्हीकडचे रक्त आहे. त्याने एकदा मला विचारले, "आई, आपण यातले कोणते?" हा लेख त्या प्रश्नामुळे लिहिते आहे.

आधी घडले काय ते सांगायला हवे, कारण इंदुरातल्या शिकल्यासवरल्या मराठी घरांतही ते फारसे कोणाला सांगता येत नाही. १७९३ साली राजपुतान्यात लाखेरीजवळ ग्वाल्हेरचे शिंदे आणि इंदूरचे होळकर यांच्या फौजा एकमेकींवर तुटून पडल्या. शिंद्यांकडे द बॉइन या फिरंगी सेनानीच्या कवायती पलटणी होत्या. होळकरांकडच्या चार पलटणीही फिरंगी अंमलदाराच्या हाताखाली होत्या, त्या जवळजवळ पुसल्या गेल्या. तेव्हा अहिल्याबाई महेश्वरला हयात होत्या आणि महादजी पुण्यात होते. आपण ज्यांचे पुतळे उभारतो, त्यांच्या डोळ्यांदेखत हे झाले. पुढच्या चार वर्षांत महादजी, अहिल्याबाई आणि तुकोजी होळकर एकामागून एक गेले. १७९७ च्या सप्टेंबरात पुण्यात महादजींचे वारस दौलतराव शिंदे यांच्या फौजेने तुकोजींचा मुलगा, दुसरा मल्हारराव, याला ठार केले. त्याचा भाऊ विठोजी १८०१ च्या एप्रिलमध्ये पेशवा दुसऱ्या बाजीरावाच्या हुकमाने हत्तीच्या पायी दिला गेला. जुलैत विठोजीचा भाऊ यशवंतराव होळकर याने उज्जैनजवळ शिंद्यांची फौज मोडली आणि शहरातल्या लोकांकडून जबर खंडणी उकळली. ऑक्टोबरात शिंद्यांच्या फौजेने इंदुराजवळ यशवंतरावाला हरवले आणि सरजेरावाने इंदूर लुटले, राजवाडा जाळला. १८०२ च्या २५ ऑक्टोबरला, दिवाळीच्या दिवसांत, हडपसरला यशवंतरावाने पेशवे आणि शिंदे यांच्या एकत्र फौजेचा पराभव केला. बाजीराव वसईला पळाला आणि वर्षाच्या शेवटच्या दिवशी त्याने इंग्रजांशी तह केला. पुढच्या वर्षी असईला आणि लासवारीला शिंद्यांची फौज इंग्रजांपुढे चिरडली गेली, तेव्हा होळकर माळव्यात बाजूला उभे होते. १८०४ साली होळकर इंग्रजांशी लढायला उठले, तेव्हा शिंदे तह करून बसलेले होते.

मराठीत याला यादवी म्हणतात. प्रभासक्षेत्री एकमेकांना मारून संपलेल्या यादवांवरून आलेला हा शब्द आहे. मला तो फार मोलाचा वाटतो, कारण तो उच्चारताच दोन्ही बाजू एका घरच्या आहेत हे कबूल करावे लागते. लढाई, स्वारी, मोहीम या शब्दांत ते होत नाही.

वर मी जी हकीकत सांगितली ती लाखेरीपासून सुरू केली. तसे का केले? ग्वाल्हेरच्या माझ्या भावाला विचारले तर तो उज्जैनपासून सुरू करेल, कारण इंदूर जळाले ते उज्जैननंतर. होळकरांची बाजू सांगणारा विठोजीच्या मरणापासून सुरू करेल, किंवा त्याआधीच्या मल्हाररावाच्या खुनापासून. विठोजीने पेशव्याचा मुलूख आधी लुटला होता, म्हणून पुणेकर तिथून मोजतील. यादवीतली प्रत्येक घटना आधीच्या घटनेची परतफेड असते. तिच्या आठवणीचे भांडण बहुतेक वेळा सुरुवात कुठे मानायची याच एका मुद्द्यावर येऊन थांबते. ज्याच्या हाती पहिले पान, त्याच्या बाजूने गोष्ट. पुढची पाने दोघेही जवळजवळ सारखीच वाचतात.

ही आठवण गेल्या दोनशे वर्षांत चार-पाच वेळा बदलली. प्रत्येक वेळी ती ज्याच्या हाती गेली त्याच्या गरजेप्रमाणे बदलली.

अगदी सुरुवातीला ती सोसणाऱ्यांकडे होती. माळव्यातल्या लोकांनी १८०० ते १८१८ या काळाला नाव दिले होते, 'गर्दी का वक्त'. जुन्या मराठीत गर्दी म्हणजे दाणादाण, नासधूस. पानिपतावर भाऊसाहेबांच्या फौजेची वाताहत झाली ती भाऊगर्दी. आज आपण गर्दी म्हणतो ती सराफ्यातल्या रात्रीच्या माणसांना, आणि भाऊगर्दी म्हणतो ती तिकीट मागायला जमलेल्या उमेदवारांना. शब्द राहिला आणि त्यातला आक्रोश निघून गेला. 'गर्दी का वक्त' म्हणणाऱ्या माणसाला शिंदे की होळकर हा प्रश्न फारसा पडत नसावा. त्याची गुरे कोणी नेली आणि विहिरीवर कोणाचे घोडे पाणी पिऊन गेले, एवढे त्याला कळत होते. पुढे तर पेंढारी होते, पठाण होते, आणि कोणाचीच नसलेली टोळकीही होती. होळकरांचा मोठा साथीदार अमीरखान, शिंद्यांच्या पलटणीत पुरबिये आणि फिरंगी अंमलदार. ही नुसती मराठी माणसांची यादवी होती असे म्हणणेही अपुरे आहे. राजस्थानात आजही शिंदे आणि होळकर ही दोन नावे एका दमात घेतात आणि ती कौतुकाने घेत नाहीत. आमच्या घरातले भांडण त्यांच्या अंगणात झाले, हे आम्ही क्वचितच आठवतो.

दुसऱ्यांदा ती आठवण जेत्यांकडे गेली. महिदपूरच्या लढाईत होळकरांविरुद्ध उभा असलेला जॉन माल्कम पुढे मध्य हिंदुस्थानचा कारभार पाहू लागला आणि त्यानेच या प्रदेशाचा वृत्तांत लिहिला. त्याने खूप नोंदवले आणि त्यातले बरेच आजही उपयोगी आहे. पण त्या मांडणीचा ओघ एकाच दिशेने जातो: इथे अराजक होते, कंपनी सरकार आले आणि शांतता आली. वसईचा तह, तैनाती फौजा, एका सरदाराला दुसऱ्यापासून तोडणारे करार यांनी त्या अराजकात किती भर घातली, हे त्या चित्रात दिसत नाही.

तिसऱ्यांदा ती राष्ट्रवादी इतिहासकारांच्या हाती आली. त्यांनी मोडी दप्तरे उलगडली, आयुष्ये खर्ची घातली, आणि त्यांच्यामुळेच आज मला वरचा परिच्छेद लिहिता येतो. परंतु पारतंत्र्यात लिहिणाऱ्याला धडा हवा होता, आणि धड्याला एक दोषी लागतो. तो त्यांना दुसऱ्या बाजीरावात सापडला. 'पळपुटा' हे विशेषण शाळेतल्या प्रत्येक मराठी मुलाला माहीत असते. शिंद्यांच्या बाजूला सरजेराव सापडला. १७९८ साली त्याने पुण्यातल्या सावकारांना आणि कारभाऱ्यांना धरून, मारहाण करून पैसा काढला होता, तेव्हा त्याची बाजू घ्यायला कोणी नव्हतेच. दोन खलनायक मिळाले आणि बाकीचे सगळे सुटले. माझ्या बाबांचे "माणूस वाईट होता" हे वाक्य त्याच परंपरेतले. सरजेरावाला फौज कोणी दिली, हा प्रश्न त्या वाक्याने बंद होतो. त्याच सरजेरावाची मुलगी बायजाबाई हिचे नाव ग्वाल्हेरात आदराने घेतात, आणि ते रास्तच आहे. बाप आणि लेक एका वाक्यात मात्र कोणी घेत नाही.

आणि पुणे? सरजेरावाने पुणे पिळले, चार वर्षांनी होळकरांच्या फौजेनेही पिळले. तरी पुढच्या दुष्काळाशी दख्खनच्या आठवणीत नाव जोडले गेले ते होळकरांचे.

स्वातंत्र्यानंतर एक विलक्षण गोष्ट झाली आणि तिच्याकडे कोणाचे लक्ष गेले नाही. १९४८ च्या २८ मे रोजी मध्यभारत राज्य झाले. जिवाजीराव शिंदे राजप्रमुख झाले, यशवंतराव होळकर उपराजप्रमुख. लाखेरीनंतर १५५ वर्षांनी दोन्ही घराणी एका सरकारी कागदावर शेजारी आली. राजधानी कोणती यावरून मात्र ताणाताण झाली आणि अखेर हिवाळी राजधानी ग्वाल्हेर, उन्हाळी राजधानी इंदूर असे ठरले. फायलींचे गठ्ठे दर वर्षी इकडून तिकडे जात. १९५६ मध्ये भोपाळ राजधानी झाली आणि तोही प्रश्न मिटला. एवढ्या शांतपणे यादवीचा शेवटचा पडसाद विरून जाणे ही साधी गोष्ट नव्हे. ज्यांनी ते विरू दिले, त्यांत मामंजी आणि बाबांसारखी हजारो माणसे होती. इंदूर-ग्वाल्हेर सोयरीक ही त्या पिढीत अगदी रोजची गोष्ट झाली होती.

मी जे पुढे म्हणणार आहे त्याच्या विरुद्ध सर्वांत बळकट युक्तिवाद हाच आहे. विसरल्यामुळेच तर आपण एकत्र नांदलो. मग जुनी मढी उकरायची कशाला?

या युक्तिवादाला मी हलके मानत नाही. स्पेनमध्ये १९३६ ते १९३९ या काळात यादवी झाली, मग १९७५ पर्यंत फ्रँकोची हुकूमशाही. लोकशाही आली तेव्हा दोन्ही बाजूंनी १९७७ साली सर्वांना माफी देणारा कायदा केला आणि मागचे न काढण्याचा जणू करारच झाला. त्यामुळे लोकशाही तगली, असे मानणारे पुष्कळ आहेत. पण २००० सालानंतर नातवंडे पुढे आली. रस्त्याकडेच्या खड्ड्यांत पुरलेले आजोबा त्यांना हवे होते. २००७ मध्ये ऐतिहासिक स्मृतीचा कायदा झाला, आणि २०१९ मध्ये फ्रँकोचे शव तो पुरला होता त्या भव्य स्मारकातून हलवावे लागले. सोसलेल्या पिढीचे गप्प राहणे हा त्या पिढीचा हक्क असतो. नातवंडांनी तेच मौन जसेच्या तसे सांभाळावे, असे बंधन त्यांच्यावर घालता येत नाही.

अमेरिकेची गोष्ट मला आपल्याला अधिक जवळची वाटते. तिथली यादवी १८६५ मध्ये संपली. १९१३ साली गेटिसबर्गच्या रणभूमीवर दोन्ही बाजूंचे पन्नास हजारांहून अधिक म्हातारे सैनिक एकत्र जमले, एकमेकांना भेटले. ऐकून डोळे भरून येतात. पण ज्या गुलामगिरीवरून ती लढाई झाली, तिच्यातून सुटलेल्या माणसांना त्या समेटात जागा नव्हती. शूर विरुद्ध शूर अशी ती आठवण सजवली गेली. दक्षिणेतल्या सेनापतींचे बरेचसे पुतळे युद्धानंतर लगेच उभे राहिलेले नाहीत. ते कित्येक दशकांनी, काळ्या माणसांचे हक्क पुन्हा आवळले जात असताना उभे राहिले. शार्लट्सव्हिलमधला रॉबर्ट लीचा पुतळा १९२४ सालचा, युद्धानंतर जवळजवळ साठ वर्षांनी बसवलेला. २०२१ मध्ये तो काढला गेला.

आपल्याकडेही समेट झाला तो घराण्यांमध्ये आणि शूरांमध्ये. १८०१ च्या ऑक्टोबरात ज्यांची दुकाने लुटली गेली ती जुन्या इंदुरातली माणसे कोण होती? त्याच वर्षीच्या जुलैत ज्यांच्याकडून खंडणी उकळली ते उज्जैनचे रहिवासी कोण होते? राजवाड्याच्या जळालेल्या लाकडाबद्दल आपण हळहळतो, त्याची डागडुजी करतो. माणसांची आठवण कोणाच्याच वाट्याला आलेली नाही, कारण त्यांना घराणे नव्हते. होळकरशाहीची साधने होळकरांच्या नावाने छापली गेली, शिंदेशाहीची शिंद्यांच्या. कपाटे वेगळी, अभ्यासक वेगळे. दोन्ही कपाटांच्या मधल्या भिंतीत जी रयत चिणली गेली आहे, तिची साधने वेगळी कोणी छापली नाहीत. ती दोन्हीकडच्या पत्रांत, एखाद्या ओळीत, जाता जाता भेटते.

आताचा पाचवा टप्पा मला सर्वांत जास्त अस्वस्थ करतो. यशवंतरावाला आता 'भारताचा नेपोलियन' म्हणतात. त्याच्यावर फार अन्याय झाला होता, हे खरेच आहे. इंग्रजी लिखाणात तो लुटारू ठरला, पुणेरी आठवणीत बंडखोर ठरला. १८०४ साली कर्नल मॉन्सनच्या फौजेची मुकुंदऱ्यापासून आग्र्यापर्यंत त्याने केलेली दाणादाण आणि सगळ्या सत्ताधीशांनी एक व्हावे म्हणून पाठवलेली पत्रे विस्मरणात गेली. त्याचे नाव पुन्हा उजळले याचा मला आनंद आहे. (इंदुरातले एमवाय हॉस्पिटल पुष्कळांना त्याच्याच नावाचे वाटते. ते विसाव्या शतकातल्या दुसऱ्या यशवंतरावांच्या नावाचे आहे. पहिल्याची छत्री दूर भानपुऱ्याला आहे.) पण उजळवताना हडपसर आणि उज्जैन पुसायचे, किंवा समोरच्याला फितूर ठरवायचे, हे का? तिकडे महादजींचे चाहतेही तेच करतात. आता हे नायक घराण्यांचेही राहिलेले नाहीत, ते जातींचे झाले आहेत. घराण्यांचे भांडण लग्नाने मिटत होते. जातींच्या अभिमानातून आलेले भांडण मिटवायला तेवढी सोपी वाट नाही.

म्हणून मी म्हणते की ही यादवी आता मोठ्याने आठवावी, आणि ती यादवी म्हणूनच आठवावी. एका बाजूची जखम म्हणून नको, आणि इंग्रजांच्या 'फोडा आणि झोडा'चे एक प्रकरण म्हणूनही नको. इंग्रजांनी फायदा घेतला, खरे आहे. पण लाखेरीला आपल्याला कोणी फोडलेले नव्हते. फुटण्याची कारणे घरचीच होती: चौथाईच्या वाटण्या, वारसाहक्काचे तंटे, पगार थकलेल्या पलटणी, आणि दोन्हीकडच्या मागण्या ऐकून निवाडा करील असे पुण्यात कोणीही न उरणे. १८०० साली नाना फडणीस गेले, त्यानंतर तर तशी जागाच रिकामी झाली.

अहिल्यादेवींच्या जन्माचे ३०० वे वर्ष २०२५ मध्ये झाले. मे महिन्यात राज्याच्या मंत्रिमंडळाची बैठक राजवाड्यात भरली. दर वर्षी अहिल्योत्सवाची पालखी निघते, आणि दर्शन घेताना मलाही भरून येते. त्या उत्सवात एक संध्याकाळ या विषयाला द्यावी, असे मला वाटते. ग्वाल्हेरच्या अभ्यासकांना बोलवावे, उज्जैनच्याही. दोन्ही कपाटांतली एकाच महिन्याची पत्रे एकामागून एक वाचावीत. मोडी वाचणारी तरुण मुले आता पुन्हा तयार होत आहेत, ती हे करू शकतील. हिंदी शेजाऱ्यांनाही बसू द्यावे, कारण 'गर्दी का वक्त' हा शब्द त्यांच्या आजोबांचा आहे.

आणि राजवाड्यापाशी एक पाटी असावी. मजकूर मी लिहून पाहिला: "ऑक्टोबर १८०१ मध्ये शिंद्यांच्या फौजेने हे शहर लुटले व हा वाडा जाळला." ग्वाल्हेरला भावाला पाठवला. त्याचा फोन आला, "ताई, खरं आहे सगळं. पण उज्जैन वर घाल, ते आधी झालं." मी घातले. मग मला विठोजीला वगळवेना, म्हणून एप्रिल आला. भाऊ म्हणाला, मग विठोजीने लुटलेली गावेही हवीत. तीही आली. सध्या पाटी नऊ ओळींची आहे आणि १७९३ पासून सुरू होते. तिच्यातली शेवटची ओळ, ज्यात मेलेल्या आणि नागवलेल्या सामान्य माणसांचा उल्लेख आहे, ती तेवढी आम्हा दोघांनाही पहिल्याच वाचनात मान्य झाली. ती शेवटी असावी की सगळ्यांत वर, एवढेच अजून ठरायचे आहे.